४२ स्लाइड आणि एक गिट्टी

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेत बी.एड.च्या एका छात्राध्यापिकेचा सराव पाठ होता. सहावीचा वर्ग, भूगोल, खडकांचे प्रकार. मी निरीक्षणाची वही घेऊन शेवटच्या बाकावर. पोरगी हुशार, आवाज खणखणीत, तयारी भरपूर. किती भरपूर, तर ३५ मिनिटांच्या तासिकेला ४२ स्लाइड. मी मोजल्या. मला ती वाईट खोड आहे.

पहिली सहा-सात मिनिटं खिडक्या बंद करण्यात गेली. प्रोजेक्टरला अंधार हवा आणि आमच्या वर्गाला पडदे नाहीत, म्हणून स्नेहसंमेलनाच्या जुन्या चादरी खिळ्यांना अडकवल्या. नागपूरचा मार्च, डबा खाऊन झाल्यावरचा तास, बंद खिडक्या आणि अंधार. डाव्या रांगेतले दोघं तर अग्निजन्य खडकापर्यंतही पोचले नाहीत, त्याआधीच झोपले. मागून आवाज आला, "मॅडम, दिसून नाही राहिलं." अक्षरं बारीक होती. मॅडम म्हणाल्या, "मी वाचून दाखवते ना." आणि त्यांनी वाचून दाखवलं. मग पुढची स्लाइडही वाचली. मग त्याच्या पुढची.

बेसॉल्टची स्लाइड आली तेव्हा मात्र झोपलेलेही जागे झाले. फोटोच तसा होता. समुद्राकाठी षटकोनी दगडी खांब, हजारोंनी, एकमेकांना चिकटून उभे. उत्तर आयर्लंडचा किनारा. एकाने हात वर केला, "मॅडम, हा दगड कुठी भेटते?"

मॅडमनी स्लाइडकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आयर्लंडमध्ये." क्लिक. पुढचा खडक.

त्या वर्गाच्या दारापासून पंधरा पावलांवर गिट्टीचा ढीग पडलेला आहे. मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाचं काम चालू आहे ना, त्याचा. वर्गातलं प्रत्येक पोरगं सकाळी त्या ढिगावरून उडी मारूनच आत आलं होतं. ती काळी गिट्टी म्हणजे बेसॉल्टच.

आणि आपली बर्डी? ज्या टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला उभा आहे तिचा माथा बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा. त्याच्या खाली लामेटा नावाचा गाळाच्या खडकांचा थर. आणि तळाशी त्याहून कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस नावाचा खडक. (हे नाव घेतलं की वर्ग दोन मिनिटं "नाइस, नाइस" करत हसतो. हसू द्यावं, नाव पाठ होतं.) दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड आपल्या नागपुरातूनच जाते. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास मिशनरी म्हणून इथे आले आणि नागपूरभोवतीचे खडक न् जीवाश्म गोळा करत हिंडले. त्यांना जे दिसलं ते आपण रोज सिटी बसच्या खिडकीतून पाहतो, आणि पोरांना आयर्लंड दाखवतो.

आता कोणी म्हणेल, मॅडमचं वय झालं, कॉम्प्युटर जमत नसेल, म्हणून नावं ठेवून राहिल्या. तसं नाही हो. आमच्या शाळेत पहिली पीपीटी मीच केली. स्वतःच्या पगारातून लॅपटॉप घेतला होता, घरच्यांची बोलणी खाल्ली होती. अक्षरं उडत यायची, गोल फिरत बसायची, प्रत्येक स्लाइडला टाळ्यांचा आवाज. अहाहा! तपासणीच्या दिवशी पेनड्राइव्ह शाळेच्या कॉम्प्युटरला लावला, तर त्यात माझा मराठी फॉन्टच नव्हता. 'महाराष्ट्राची प्राकृतिक रचना'च्या जागी डॉलर, कंस, उद्गारचिन्हं आणि एक उलटा स्वल्पविराम. साहेबांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे कोणत्या माध्यमाचं आहे?" युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी अक्षरं, येईपर्यंत ज्यांनी मराठीत स्लाइड केल्या त्यांना हे दुःख सांगायला नको.

फॉन्ट पुढे सुधारले. माझं डोकं ठिकाणावर आलं ते उत्तरपत्रिका तपासताना.

आपल्या भूगोलाच्या पेपरात 'भौगोलिक कारणे लिहा' हा प्रश्न ठरलेला असतो. मी दिलं होतं, 'दख्खनच्या पठारावर काळी मृदा आढळते.' तीन-चार वर्षं मी हा भाग पीपीटीवरच शिकवत होते. उत्तरं आली ती अशी: १) बेसॉल्ट खडक. २) विदारण. ३) काळा रंग. ४) कापसासाठी उपयुक्त. एकाने नाही, निम्म्या वर्गाने. आधी वाटलं, कॉपी झाली. मग लक्षात आलं की कॉपी झालीच होती, पण माझ्या स्लाइडवरून. चारही मुद्दे बरोबर होते. आणि कारण एकही नव्हतं.

कारण म्हणजे काय? लाव्हा थिजून बेसॉल्ट झाला, ऊन-पावसाने त्याचं विदारण झालं, म्हणजे तो फुटून झिजत गेला, म्हणून त्या खडकातली खनिजं मातीत उतरली, म्हणून ती काळी झाली. ती माती बारीक कणांची, म्हणून पाणी धरून ठेवते, म्हणून आपल्या विदर्भात कोरडवाहू कापूस निघतो. यातला जीव त्या 'म्हणून'मध्ये आहे. 'पण'मध्ये आहे, 'तरीही'मध्ये आहे. आणि स्लाइडवर मुद्दा टाकताना आपण पहिली कात्री लावतो ती नेमकी याच शब्दांना. जागा वाचते ना.

फळ्यावर हे होत नाही, कारण तिथे 'बेसॉल्ट' लिहिल्यावर 'विदारण' लिहायला हात तिकडे न्यावा लागतो. मध्ये बाण काढावा लागतो. बाण काढताना तोंडातून 'म्हणून' आपसूक निघतं. हात चालतो त्या वेगाने पोरांची वही चालते आणि बहुतेकांचं डोकंही. खडूचा हा संथपणा मला पहिली कितीतरी वर्षं कटकट वाटायचा. बी.एड.ला फलकलेखनाचे वेगळे गुण का ठेवले होते ते मला नोकरीच्या पंधराव्या वर्षी कळलं.

हे सॉफ्टवेअर वर्गासाठी जन्मलंच नव्हतं, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशवर आलं. फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने ते केलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. सुरुवातीला त्याचं काम होतं ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापून देणं, तेही कंपन्यांच्या बैठकांसाठी. बैठकीत माल पटवायचा असतो, समोरचे लोक विषयातले जाणते असतात, मधला 'म्हणून' ते स्वतः भरून घेतात. सहावीतलं पोर कुठून भरणार?

जाणतेही दर वेळी भरतात असं नाही. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या ते १ फेब्रुवारी २००३ ला परतताना कोसळलं. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्याबद्दल स्लाइड दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. आणि अगदी तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात लिहिलं होतं की चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि हा १९२० घनइंचांचा. ६४० पट! माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या एका स्लाइडची चिरफाड केली ती प्रसिद्ध आहे, आणि तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर चौकशी मंडळानेही आपल्या अहवालात बोट ठेवलं. यान स्लाइडमुळे पडलं असं मी म्हणत नाही. पण सगळी माहिती समोर असून 'म्हणून' कोणी बोललं नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षं हेच तपासलं की चित्र, आवाज आणि मजकूर एकत्र आले की शिकणाऱ्याच्या डोक्यात काय होतं. चित्र दाखवून तोंडाने समजावलं तर चांगलं. पण तेच वाक्य पडद्यावरही लिहिलं आणि वाचूनही दाखवलं, तर समजणं वाढण्याऐवजी कमी होऊ शकतं. पोर वाचत बसतं, ऐकणं सुटतं, चित्र तर राहूनच जातं. उगाच घातलेल्या सजावटीचंही तेच. माझे ते टाळ्यांचे आवाज आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून माझ्या स्लाइडवर शब्द जवळजवळ नसतात. चित्र असतं, नकाशा असतो, नाहीतर हलणारं काहीतरी. शब्द फळ्यावर.

हलणाऱ्या चित्राशिवाय अडतंच असे पाठही आहेत, आणि तिथे मी खडू मुकाट्याने खाली ठेवते. उदाहरणार्थ शून्य सावली. नागपूर २१ अंश उत्तरेच्या जरा वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला. मे महिन्यात शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं. निसर्गाने जणू ठरवूनच हा प्रयोग पोरांपासून लपवलाय. वर्षानुवर्षं मी चेंडू आणि बॅटरी घेऊन हातवारे करत आले. चेंडू फिरवताना माझं मनगट वळायचं, त्याबरोबर पृथ्वीचा अक्षही वळायचा, आणि नेमकं तेच शिकवायचं नसतं, कारण अक्ष वर्षभर एकाच दिशेला कललेला राहतो. आता स्टेलारियम नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावते, ठिकाण नागपूर टाकते, वेळ दुपारची, आणि एकेक दिवस पुढे सरकवते. सूर्य डोक्याकडे चढत जातो. "थांबवा, थांबवा मॅडम! मागं घ्या!" असा गलका होतो. मागं घेते. पुन्हा पुढे नेते. मग एखादी विचारते, "दिल्लीला काहून नाही होत मंग?" तेव्हा ठिकाण दिल्ली टाकते, आणि गप्प बसते. तासिका कशी संपते कळत नाही.

बाकी सरकार, लोकप्रतिनिधी, देणगीदार यांच्या कृपेने डिजिटल पॅनल वर्गाच्या भिंतीवर येतो, फोटो निघतो, पेपरात छापून येतो. शिक्षकाला तयारीला मोकळी तासिका मात्र कोणी देणगीत देत नाही. एका शाळेत मी पॅनल पाहिला, त्याला मापाचं कव्हर शिवलेलं होतं आणि दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार संक्रांतीपर्यंत तसाच होता. रिमोट कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक मीटिंगला.

असो. सराव पाठ संपल्यावर छात्राध्यापिका माझ्यापाशी आली. घाबरली होती. मी शेऱ्यात आवाज, आत्मविश्वास, वर्गनियंत्रण सगळं चांगलं लिहिलं, ते खरंही होतं. ४२ स्लाइडबद्दल काही लिहिलं नाही. एवढंच म्हटलं, "उद्याचा पाठ असतो ना, बाहेरच्या ढिगातली चार गिट्ट्या उचलून आण. आणि तो पोरगा पुन्हा विचारेल."

दुसऱ्या दिवशी तिने गिट्टी रांगांमधून फिरवली. चादरी लावल्या नव्हत्या, खिडक्या उघड्या होत्या. स्लाइड तीनच, त्यातली एक वाहत्या लाव्ह्याच्या व्हिडिओची. व्हिडिओ बंद करून तिने फळ्यावर बर्डीची टेकडी काढली. जरा कढईसारखी आली, चालायचंच. तीन थर काढले, वरच्या थरावर बाण मारला आणि लिहिलं, '६.६ कोटी वर्षे'. कालचाच पोरगा गिट्टी हातात घोळवत होता. त्याने ती नाकाला लावली, जिभेलाही लावली असावी, आणि विचारलं, "मॅडम, बाबा सेंट्रिंगचं काम करते. स्लॅबमध्ये हेच टाकते. मंग आमच्या घरावर लाव्हा आहे काय?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी वहीत डोकं घातलं.

"आहे," ती म्हणाली, "पण थंड झालेला." आणि 'पण' या शब्दावर तिचा हात फळ्याकडे गेला.

एक काम होतं. सीताबर्डीच्या टेकडीच्या कुशीत थर उघडे दिसतील असा जुना-नवा फोटो कोणाकडे असेल तर मला पाठवा. किल्ला लष्कराच्या ताब्यात, मनात आलं की वर जाता येत नाही, आणि खालून बघावं तर दुकानांच्या पाट्या आड येतात. एका स्लाइडपुरताच हवा आहे. मजकूर टाकणार नाही.