प्रयोगाला पाहिजे

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ‘पाणी कोण जास्त पितं’ हा प्रयोग मी करतो, असं मीटिंगमध्ये बोलून गेलो. कापूस, स्पंज, जुनं धोतर घरातच निघालं. राहिला डायपर.

मेडिकलवाल्यानं विचारलं, “गुरुजी, साइज?”

माझं वय ५४. घरात लहान मूल नाही. “कुठलाही दे, प्रयोगाला पाहिजे,” म्हणालो आणि तिथेच फसलो. रांगेत निम्मा गाव उभा होता. संध्याकाळपर्यंत दोन तट पडले: गुरुजींना नातू झाला आणि गुरुजींनाच लागतं. दुसऱ्या तटाचं बहुमत होतं.

डायपर फाडून मिठासारखी भुकटी काढली. सोडियम पॉलिॲक्रिलेट. गुंडाळून बसलेल्या लांबलचक साखळ्या. पाणी लागलं की सोडियम सुटतो, साखळीवर उरलेले ऋणभार एकमेकांना ढकलू लागतात आणि मधल्या जागेत पाणी शिरतं. साखळ्या विरघळून मात्र जात नाहीत, कारण जागोजागी एकमेकींना जोडलेल्या असतात. आमची भावकी अशीच आहे. तोंड बघत नाहीत, पण सातबारा एकच.

“ही भुकटी वजनाच्या शेकडो पट पाणी पिते!” असं केंद्रप्रमुखांसमोर गरजून एक ग्रॅम भुकटीत २०० मिली पाणी ओतलं, दोन मिनिटं थांबलो आणि ग्लास स्वतःच्या डोक्यावर पालथा केला.

पाणी मानेवरून थेट बनियनमध्ये गेलं. टाळ्या मात्र मनापासून पडल्या.

सातवीतली एक पोरगी उठली. “सर, हे बोअरचं पाणी हाय. यात साबणाला बी फेस येत नाही.” कठीण पाणी मीच मागच्या आठवड्यात शिकवलं होतं! त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साखळ्यांना आवळून धरतं, मग फुगणार काय? एक पोरगा पळत जाऊन ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी घेऊन आला. या वेळी ग्लास पालथा केला तर थेंब पडेना. पण साहेब कधीच निघून गेले होते.

उरलेला गोळा मी बेसिनमध्ये टाकला आणि बेसिन तुंबलं. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी मूठभर मीठ टाकलं, तेव्हा गोळ्यानं पाणी सोडलं.

परवा डोकेदुखीची गोळी आणायला गेलो, तर मेडिकलवाला हळूच म्हणाला, “गुरुजी, तुमच्यामुळं धंदा वाढला. गावातली म्हातारी माणसं लाजायची, आता बिनधास्त मोठी साइज नेतात. म्हणतात, प्रयोगाला पाहिजे.”