फॅटी लिव्हर टिकवण्याचं पथ्य

सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' निघालं? उत्तम. कुठे दुखत नाही, खुपत नाही, आणि एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणीसुद्धा पुष्कळदा नॉर्मल येते. रिपोर्ट कपाटात ठेवा आणि यकृतात साठलेली ती चरबी जपायला लागा.

आधी तूप बंद करा. वरणभातावरची चमचाभर धार थांबली की पथ्य सुरू झाल्याचं घरभर कळतं, आणि त्या गडबडीत एका वाटी भाताच्या तीन वाट्या कधी झाल्या हे कुणी विचारत नाही. यकृत मोठं कष्टाळू! गरजेपेक्षा जास्त साखर आणि स्टार्च मिळाला की त्याची चरबी ते स्वतःच बनवतं. त्यातही फ्रुक्टोजचा (साखर, मध आणि फळांच्या रसातला एक गोड घटक) बहुतेक निपटारा यकृताकडेच असतो, त्यामुळे त्याला रिकामं बसू द्यायचं नसेल तर तेच पुरवा.

कसं? साखर सोडून गूळ धरा. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, पण रंग तांबूस असल्यामुळे मनाला लागत नाही. कपाला दोन चमचे म्हटले तरी चार चहांत ४० ग्रॅम होतात. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तिला आपला चहा काय माहीत! सोबत मारी बिस्किटं घ्या, ती 'हलकी' असतात. सकाळी कोमट पाण्यात मध. मोसंबी सोलून खाऊ नका, चोथा पोटात जाईल. तीन-चार पिळून रस प्या.

आणि उसाचा रस. कावीळ झालेल्याला देतात, म्हणजे लिव्हरचं औषधच की! मोठ्या ग्लासात साधारण ३० ग्रॅम साखर सहज जाते. रसवंतीवाल्याला 'बर्फ नको, पथ्य आहे' एवढं मात्र आवर्जून सांगा.

चतुर्थीला उपवास करून यकृताला विश्रांती द्या, म्हणजे साबुदाण्याची खिचडी दोन वेळा.

टाळायचं काय, तर अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट मटकीची उसळ किंवा मासे, आणि उरलेल्या पावात ज्वारीची एक भाकरी. असं वाढलं तर पाहुणे पुन्हा येणार नाहीत. बिनसाखरेची काळी कॉफीही नको; नियमित पिणाऱ्यांच्या यकृतात व्रण कमी आढळतात. प्यायचीच असेल तर साय आणि तीन चमचे साखर घालून.

वजन ७ ते १० टक्के उतरलं तर यकृताची सूज कमी होण्याची चांगली शक्यता असते. ८० किलोच्या माणसाला सहा-आठ किलो, तेही आठवड्याला अर्धा-एक किलो या गतीने. एवढा धीर कुणाला? त्यापेक्षा घरातल्या लग्नाआधी पंधरा दिवस नुसत्या रसावर राहा. झपाट्याने वजन उतरलं की यकृताची सूज वाढू शकते, पित्ताशयात खडेही होऊ शकतात, पण शेरवानी बसते.

एवढ्यावरही चरबी हलू लागलीच, तर 'लिव्हर डिटॉक्स' आहेच. रोज गुळवेलीचा काढा, वर ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल. दोन्हींनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत; ती वाचायला वेळ कुणाला आहे? डॉक्टरांनी 'आणखी काही घेता का?' असं विचारलंच, तर बेधडक 'नाही' म्हणा. काढा काय, घरचाच असतो.