पंचवीस वर्षांचा नवोदित

माझं वय 47. डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झालेत, उरलेले निम्मे गेलेत. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आणि मी नवोदित आहे.

हे माझं म्हणणं नव्हे, निमंत्रणपत्रिकेचं आहे. बेळगाव भागात थंडी पडली की कपाटातले स्वेटर आणि गावोगावची साहित्य संमेलनं एकदमच बाहेर निघतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी... ज्या गावात एसटी वेळेवर येत नाही तिथंही संमेलनाध्यक्ष वेळेवर येतात. सकाळी ग्रंथदिंडी, टाळ-मृदंग, डोक्यावर कलश घेतलेल्या बाया, मग भाषणं, मग सगळ्या गावाला जेवण, आणि अगदी शेवटच्या सत्रात 'सीमाभागातील नवोदितांचे कविसंमेलन'. हे सत्र चारला म्हणून पाचला सुरू होतं. म्हशीची धार काढायची वेळही पाचचीच. मंडपात कोण उरतं ते सांगायला नको.

आता मी कवी नाही. पण ललित लेखाला कुठल्याच संमेलनात सत्र नसतं. म्हणून मी लेखातला एखादा परिच्छेद घेतो, त्याच्या ओळी मधेच तोडतो आणि सावकाश वाचतो. वाक्य मोडलं तिथं लोक 'वा' म्हणतात. मोडलेलं वाक्य पुन्हा जोडलं की पुढचा नवोदित माईककडं बघायला लागतो. गेल्या वर्षी आमच्या सत्राचा अध्यक्ष 29 वर्षांचा होता. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "लिहीत राहा. तुमच्यात शक्यता आहेत."

या रोगाची लागण झाली 2000 साली. तेव्हा 73वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरलं होतं, अध्यक्ष य. दि. फडके. मी 22 वर्षांचा स्वयंसेवक, छातीला बिल्ला, ड्यूटी जेवणाच्या मांडवात. भाषण एकही कानावर पडलं नाही, पण महाराष्ट्रभरच्या लेखकांना मी हातानं भात वाढला. लेखकाला पुन्हा भात वाढताना कुणी 'कुपन कुठंय?' असं विचारत नाही, एवढं मात्र नीट पाहिलं. तिथंच ठरवलं, व्हायचं तर हेच.

त्यात आमच्या गावाचा एक जाच आहे. लिहितो असं चुकून कुणाला कळलं, की समोरचा लगेच म्हणतो, "अरे, इंदिरा संत इथंच राहायच्या की! पु. ल. आरपीडी कॉलेजात शिकवायला होते! बेळगावच्या पाण्यातच साहित्य हाय बघ." असेलही. पण शहराला पाणी दोन ठिकाणांहून येतं, राकसकोपहून आणि हिडकलहून. साहित्य नेमकं कुठल्या पाण्यात आहे ते कुणी सांगत नाही, आणि आमच्या गल्लीत नळच चार दिवसांतून एकदा येतो. तेवढ्या पाण्यावर नवोदितच होणार माणूस.

पोटापाण्याला मी उद्यमबागेत एका फौंड्रीत हिशेब लिहितो. कास्टिंगचं वजन, ट्रकचा नंबर, जीएसटी. लेखनही तिथंच चालतं, रद्द झालेल्या डिलिव्हरी चलनांच्या पाठीवर. कागद पातळ असतो, पुढच्या बाजूची शाई मागं उमटते, आणि माझ्या हळव्यातल्या हळव्या वाक्याखालून 'पंप हाऊसिंग, 40 नग' असं दिसत राहतं. आमचे सुपरवायझर कन्नड. माझा एक लेख स्थानिक पेपरच्या पुरवणीत फोटोसकट आला, त्यातला त्यांनी फोटो वाचला. त्या दिवसापासून ते मला 'साहिती' म्हणतात. "एन साहिती, बिल आतेन?" म्हणजे, काय साहित्यिक, बिल झालं काय? मराठीत 25 वर्षं घासूनही जी नेमणूक पक्की झाली नाही, ती कन्नडात एका दिवसात, तीही परीक्षा न घेता, झाली. हे कुठल्या मराठी मंचावर बोलून दाखवायची माझी छाती नाही.

लेख लिहून झाला की तो आधी घरी वाचायचा असतो. ही भाकरी थापत असते. मी ओट्याशेजारी उभा. भाकरी तव्यावर पडली की तिचं लक्ष असतं, उलटताना नसतं, त्यामुळे महत्त्वाची वाक्यं मी उलटण्याच्या आधी घेतो. संपल्यावर तिचा अभिप्राय एकच: "ऐकलो." मग थोड्या वेळानं, "ते मधलं जरा लांब झालंय."

हो, 'ऐकलो'च. आमच्याकडं बायका 'मी आलो, गेलो, जेवलो' असंच बोलतात. 'मी भाजी आणली' न म्हणता 'मी भाजी आणलो' म्हणतात. शेजारी कन्नड नांदत असल्यावर क्रियापदं भिंतीवरून इकडं-तिकडं ये-जा करणारच. पण हीच बोली मी एकदा जशीच्या तशी गोष्टीत घातली, तर पुण्याहून एका संपादकांचा फोन आला. "कथा छान आहे हो. फक्त तुमची नायिका दुसऱ्या पानावर अचानक पुरुष होते. ते मुद्दाम आहे का?"

मी म्हटलं, होय. धाडसी विषयाबद्दल कौतुकच झालं.

तर यंदा मी दिवाळी अंकासाठी लेख लिहिला तो रताळ्यावर. लहानपणी जून महिन्यात मामाच्या गावी जायचो. पहिल्या पावसानंतर तांबड्या मातीत सरी काढून रताळ्याचे वेल लावायचे, आणि ते काम आम्हा पोरांचं. वेलाचे तुकडे करायचे, सरीवर आडवे ठेवायचे, माती लोटायची. हातांना चीक लागायचा तो चार दिवस जायचा नाही. मामा बांधावर उभा राहून ओरडायचा. एवढंच. यात कुणी मरत नाही, कुणी कुणाला सोडून जात नाही. मला तो लेख आवडला होता.

टायपिंगला कोर्टाजवळच्या एका पोराकडं जातो. मातृभाषा कन्नड, पण मराठी माझ्यापेक्षा शुद्ध टाइप करतो. "सर, कुठली वेलांटी?" असं तो विचारतो आणि मी खिडकीबाहेर बघत "तुला काय वाटतंय?" म्हणतो. त्याला वाटतं तेच बरोबर निघतं. दिवसभर त्याच्याकडं कन्नड ॲफिडेव्हिट आणि मराठी लग्नपत्रिका अशी दोनच कामं असतात. नवीन फाइल उघडायचा त्याला कंटाळा. जुनी फाइल घ्यायची, आतला मजकूर पुसायचा आणि त्यातच नवीन ठोकायचं. माझा लेख त्यानं असाच एका पत्रिकेत ठोकला. वरचं 'श्री गजानन प्रसन्न' पुसलं, वधू-वर पुसले, मुहूर्त पुसला. खालची एक ओळ पुसायची राहिली.

आणि मी पाठवायच्या आधी शेवटचं पान पाहिलं नाही. लेखकानं आपला शेवट पुन्हा वाचू नये, मोह होतो, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. फाइल पुण्याला गेली.

आठ दिवसांनी फोन. तेच संपादक. आवाज नेहमीचा नव्हता, जरा भरून आल्यासारखा.

इथं एक सांगायला पाहिजे. हे गृहस्थ दर वर्षी माझ्याकडं सीमाभागातली वेदना मागतात. "अहो, 1946 साली तुमच्या बेळगावच्या संमेलनात माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला! आणि 1956 ला तुम्ही तिकडंच राहिलात! त्यावर काहीतरी जळजळीत द्या ना. रताळी काय, कुणीही लिहील." मी दर वर्षी 'बघतो' म्हणतो. वेदना नाही असं नाही. मोर्चात मीही चाललोय, वडील तर जास्त चालले. पण लिहायला बसलो की पेनातून रताळी, कुंदा, पाऊस, सायकलीची चेन असलंच काहीतरी बाहेर येतं. त्याला मी काय करू?

तर ते म्हणाले, "लेख वाचला. सुरुवातीला वाटलं, पुन्हा तुमचं ते हलकंफुलकं. पण शेवट! त्या शेवटच्या एका ओळीनं मी हललो. मामाचं लग्न शेवटपर्यंत झालंच नाही ना?"

मला काही कळेना. "कुठली ओळ?" असं लेखकाला विचारता येत नाही. मी नुसतं "हं" केलं.

"काही बोलू नका. समजलं मला. सीमाभागाची सगळी ताटकळ त्या एका वाक्यात आली. पहिल्या पानांतच घेतोय."

फोन ठेवून मी फाइल उघडली. मामा बांधावर उभा आहे, पाऊस भुरभुरतोय, पोरं चिकट हात पायजम्याला पुसतायत, आणि त्याच्याखाली, जरा तिरक्या अक्षरात:

'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!'

मामाला तीन मुलं आणि पाच नातवंडं आहेत. पण संपादकांना पुन्हा फोन करून हे कळवणं माझ्या जिवावर आलं. 25 वर्षांत पहिल्यांदा माझ्यात वेदना सापडली होती, ती परत कशी करणार?

अंक आला. पाकिटावर माझा पत्ता लिहून खाली ठळक 'बेळगाव, महाराष्ट्र' घातलं होतं. प्रेमापोटीच घातलं असणार. पाकीट तरीही बिनचूक घरी आलं, कारण पिनकोड 590003 होता. राज्यकर्ते पत्त्यावर कितीही भांडोत, पोस्टमन पिनकोड बघतो. मानधनाचा चेक 300 रुपयांचा. टायपिंगचे 120, फोटोचे 60, आणि ऑफिसात वाटायला आणलेल्या कुंद्याचा हिशेब मी चलनाच्या पाठीवरसुद्धा लिहिला नाही. सुपरवायझरनी दोनदा कुंदा घेतला, अंक उलटा-सुलटा करून फोटो शोधला आणि "साहिती, छलो बंदैती" म्हणाले. म्हणजे छान आलाय. फोटो.

घरी फारसं बरं गेलं नाही. मामीनं कुणाकडून तरी ऐकलं की भाच्यानं पुस्तकात मामाला बिनलग्नाचा ठेवलाय. दोन दिवस मामाच्या घरी चहा मिळाला नाही. मला नव्हे, मामाला.

बाकी कुठं काही हललं नाही. लेखाखाली माझा मोबाइल नंबर छापला होता, म्हणून मी पंधरा दिवस फोन अंघोळीलाही सोबत नेत होतो. एक फोन कर्जासाठी आला, एक क्रेडिट कार्डासाठी. दोघींनाही मी विचारलं, तुम्ही दिवाळी अंक वाचता काय? दुसरीनं "होल्ड करा सर" म्हणून फोन ठेवला.

सोळाव्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन वाजला. अनोळखी नंबर, म्हातारा, खणखणीत आवाज.

"रताळ्याचं बी कुठं मिळतंय हो?"

"काय?"

"बी, बी! रताळ्याचं बी. किलोभर पायजे होतं. तुमी लिवलाय न्हवं, सरीत बी पेरलो म्हणून? साठ वर्सं रताळी करालोय बेळगुंदीत, बी काय दिसलं नाही अजून. म्हटलं लेखक माणूस, तुमच्याकडं असंल."

मी अंगावरचं पांघरूण फेकून अंक उघडला. मी लिहिलं होतं, 'वेल लावले'. छापून आलं होतं, 'बी पेरले'. कुणीतरी तिकडं माझं मराठी शुद्ध केलं होतं.

"ते काका... जरा चुकलं," मी म्हटलं. संपादकांनी बदललं असं सांगणार होतो. जिभेवर आलंही होतं. पण 25 वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला 'तुम्ही लिवलाय' म्हणून झापत होतं. हे श्रेय दुसऱ्याला द्यायला मन होईना.

"जरा? पोरं वाचतेत ते. गावच्या वाचनालयात अंक आलाय. उद्या कोण बी मागायला गेलं तर दुकानदार हसंल. वेल लावतेत, वेल! आत्ता काढणी चालू हाय, या एकदा, दावतो."

"येतो काका."

"बाकी बरं लिवलाय. चीक जात नाही ते खरं हाय. माझ्या नातीला वाचून दावलो." मग जरा थांबले. मागं कुठंतरी म्हैस ओरडली. "आन् ते... मामाचं. शेवटी झालं काय हो लगीन?"

मी भिंतीकडं बघितलं. ही उठून दारात उभी होती, हातात चहाचं भांडं.

"झालं, काका."

"झालं? बरं झालं बघा. रातभर डोक्यात होतं." आणि फोन बंद.

"कोण होतं हो एवढ्या सकाळी?" हिनं विचारलं.

"शिव्या देत होते."

"मग हसालाय कशाला?"

मी तिला सगळं सांगितलं. बी, वेल, मामा, सगळं. सांगता सांगता नंबर सेव्ह करत होतो. तिनं माझ्या खांद्यावरून बघितलं. मी नाव टाकलं होतं, 'वाचक 1'.

"वाचक एक?" ती म्हणाली. "आणि इतकी वर्षं भाकऱ्या करपवून मी ऐकलो ते?"

मी तिचा नंबर काढून बघितला. 'घर' म्हणून सेव्ह होता.

चहा गार व्हायच्या आत बेळगुंदीच्या काकांना मी 'वाचक 2' केलं.