जंगलाला कुठे दमा होतो!

सर्वात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे जंगल श्वास घेतं ही. जंगल श्वास घेत नाही, जंगल आपल्याला ऑक्सिजन देतं, बस. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं बघा, झाडाकडून एक बाण माणसाकडे आणि माणसाकडून एक बाण झाडाकडे, म्हणजे आपण सोडायचं आणि त्याने मुकाट्याने घ्यायचं. किती सोडायचं ते त्या चित्रात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा.

हे सांगायचं कारण असं की आजकाल काही मंडळी जंगलाची हवा वाचवा, जंगलाची हवा वाचवा करून राहिली आहेत. तुम्हालाही जंगलाबद्दल प्रेम असेलच, व्हॉट्सॲपच्या डीपीवर वाघ आहे म्हणजे असणारच, आणि कोणाला न दुखवता, कोणाचा धंदा न बुडवता, एसी बंद न करता जंगलाचं संरक्षण करायची इच्छाही असेल, तर नागपूरच्या एका अनुभवी माणसाचे हे सल्ले ठेवा जवळ.

चंद्रपूरचं उदाहरण घेऊ, कारण तिथे सगळं एकाच ठिकाणी मिळतं, वेगवेगळं फिरायला नको. 2920 मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे, आजूबाजूला दुर्गापूर, पद्मापूर, भटाडी, घुग्घुस, सास्ती अशा कोळशाच्या खाणी आहेत, आणि त्याच रस्त्याने थोडं पुढे गेलं की ताडोबा. इरई धरण बांधलं ते वीज केंद्राला पाणी मिळावं म्हणून आणि त्याचं बॅकवॉटर जाऊन टेकलं ताडोबाच्या मोहर्ली गेटला, म्हणजे वाघ आणि बॉयलर एकाच घाटावर पाणी पितात, रामराज्यात तरी याहून वेगळं काय होतं? 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले 88 औद्योगिक पट्टे तपासून मार्क दिले, त्यात चंद्रपूरला 83.88, देशात चौथा नंबर. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद पुढे गेले, थोडक्यात मेडल हुकलं. आता या परीक्षेत मार्क जास्त म्हणजे हवा-पाणी-जमीन जास्त खराब असं आहे म्हणे, पण विदर्भाचा कुठेतरी वरचा नंबर आला ना, मग पेढे वाटा की, अनुशेष अनुशेष म्हणून किती दिवस रडणार.

तर मुद्दा असा की जंगल वाचवायचं म्हणजे नकाशावर रेघ मारायची. ताडोबा-अंधारीचं कोअर म्हणजे आतला गाभा साधारण 625 चौरस किलोमीटर, त्याच्या भोवती अकराशेच्या आसपास बफर म्हणजे बाहेरचा पट्टा, रेघा एकदम क्लिअर. रेघेवर गेट, गेटवर गार्ड, गार्डच्या हातात यादी. तुमचं आधार कार्ड बघतात, बुकिंगवरचं नाव जुळवतात, मोबाईल काढून ठेवायला लावतात, कुरकुऱ्याचं पाकीट आत जाऊ देत नाहीत, आणि मंगळवारी तर कोणालाच सोडत नाहीत. इतका कडक बंदोबस्त. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड वायू मात्र ऑनलाईन बुकिंग न करता, आयडी प्रूफ न दाखवता, मंगळवारीसुद्धा, कोअरमध्ये जाऊन येतो आणि त्याला गाईडही लागत नाही. याच्यावर गार्ड काय करणार बिचारा, काठी मारणार का हवेला?

आता सर्वात महत्त्वाचा सल्ला. मोजू नका. मोजलं की आकडा येतो, आकडा आला की पेपरात येतो, पेपरात आला की कोणीतरी कोर्टात जातो. वाघ मोजा, हरकत नाही. आपण कॅमेरा ट्रॅप लावून पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतो, वाघिणीचं नाव ठेवतो, तिच्या नावाचं इन्स्टाग्राम पेज काढतो, तिचा नवरा कोण, आधीचा कोण, बछडे कुठल्या तळ्यावर दिसले, हे आपल्या सोसायटीतल्या लोकांना स्वतःच्या मेहुण्याच्या संसारापेक्षा जास्त माहीत असतं. ती श्वासातून काय आत घेते तेवढं विचारू नका, ते पर्सनल आहे.

आणि गंमत बघा, आपल्याकडे कायदा नाही असं कोणी म्हणू शकत नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये हवेची राष्ट्रीय मानकं आली, त्या तक्त्यात चक्क दोन रकाने आहेत, एक तुमच्या-माझ्यासाठी म्हणजे औद्योगिक, निवासी, ग्रामीण वगैरे, आणि दुसरा केंद्राने अधिसूचित केलेल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागासाठी. सल्फर डायऑक्साइड आपल्याला वर्षाच्या सरासरीने घनमीटरभर हवेत 50 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, संवेदनशील भागाला फक्त 20. नायट्रोजन डायऑक्साइड आपल्याला 40, तिकडे 30. किती हळुवार विचार! धुळीला मात्र दोन्हीकडे सेम आकडा, पीएम 10 साठी 60 आणि पीएम 2.5 साठी 40, कारण धूळ काय हो, धूळ तर आपली भारतीय संस्कृतीच आहे. ही सरासरी काढायला वर्षातून किमान 104 वेळा मोजावं लागतं असंही तिथेच खाली लिहिलंय. सफारीला गेलात की गेटवर बघा, कालच्या फेरीत कुठे साइटिंग झालं हे न विचारता दहा जण सांगतील, आज हवा कशी आहे हा बोर्ड मी तरी आजवर पाहिला नाही. दुसरा रकाना आहे ना छापलेला, मग झालं तर.

यंत्राशिवाय हवा कळते असं एक खूळ वनस्पतीशास्त्रवाल्यांच्या डोक्यात असतं, त्यांच्यापासूनही सावध राहा. ते दगडफुलाबद्दल बोलतात. दगडफूल माहितीये ना, तेच, आपल्या काळ्या मसाल्यात आणि सावजीत पडतं ते, चुरगळलेल्या कागदासारखं दिसणारं, आई जे तव्यावर भाजायला घेते आणि घरभर वास सुटतो. ते म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. त्याला मुळं नसतात, जे काय खायचं-प्यायचं ते बरंचसं हवेतून आणि पावसातून, त्यामुळे हवेत सल्फर वाढला की झाड उभं असतं, पानं हिरवी असतात आणि खोडावरची नाजूक जातीची दगडफुलं आधी मरतात. एका अर्थाने फुकटचं मॉनिटरिंग स्टेशन, वीज नको, टेंडर नको, आणि म्हणूनच बिनकामाचं. ज्याच्यात टेंडर नाही ते यंत्र कसलं? दगडफूल मसाल्यातच शोभतं, त्याला सायन्समध्ये आणू नका.

आता तुमच्या गावाजवळच कोळसा जळत असेल आणि लोक फारच ओरडत असतील तर जुना, आजमावलेला उपाय आहे, धुरांडं उंच करा. चेष्टा नाही करत, नियमच आहे, 500 मेगावॅट आणि त्याहून मोठ्या युनिटला 275 मीटरचं धुरांडं. एवढ्या उंचीवरून सोडलं की धूर खालच्या चौकात पडत नाही, वाऱ्यावर स्वार होऊन लांब जातो. जाता जाता सल्फर डायऑक्साइडचे बारीक सल्फेटचे कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर फिरतात. लांब म्हणजे कुठे, हे विचारायचं नसतं. आपल्या घरातला कचरा झाडून शेजारच्या अंगणात लोटला की आपलं घर स्वच्छ होतंच ना, फक्त इथे झाडू 275 मीटरचा आहे आणि शेजारी सांबर आहे, ते भांडायला येत नाही.

धूर धुवायचं यंत्रही असतं, एफजीडी म्हणतात, चुनखडीच्या पाण्याने धुरातला सल्फर काढून घ्यायचा. त्याबद्दल आपली परंपरा मात्र जपली पाहिजे. डिसेंबर 2015 मध्ये कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी नवे नियम आले, दोन वर्षांत पाळा म्हणाले. 2017 उजाडलं, तर 2022 पर्यंत मुदत. मग त्याच्याही पुढे, मग अजून पुढे, लग्नाच्या पंगतीत जसं ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत वाढतात तशी मुदत वाढत राहिली. आणि जुलै 2025 मध्ये सरकारने प्रश्नच निकाली काढला, देशातल्या सुमारे 78 टक्के केंद्रांना सल्फरच्या नियमातूनच सूट, धुरांड्याची उंची नियमात असली की झालं. आपल्या कोळशात सल्फर कमीच असतो, असं कारण. खरंय, सल्फर कमी असतो. राख 30 ते 45 टक्के असते, पण आता सल्फरबद्दल बोलणं चाललंय, तर विषय भरकटवू नका.

या सुटीत एक बारकावा आहे, तो मला फार आवडला, तुम्हीही शिकून घ्या. कोणाला सक्ती, तर दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून किंवा दिल्लीच्या एनसीआरपासून 10 किलोमीटरच्या आत जे आहेत त्यांना. कोणाचा केस बघून निर्णय, तर जी ठिकाणं आधीच अतिप्रदूषित किंवा हवेच्या मानकांत नापास शहरांच्या यादीत आहेत त्यांच्या 10 किलोमीटरच्या आतल्यांचा, यात चंद्रपूर येतं. बाकी सगळ्यांना सूट. आता बाकी म्हणजे काय ते नकाशा उघडून बघा, शहर नाही, हवा अजून यादीत जाण्याइतकी बिघडलेली नाही, तिथे काय असतं? गावं, शेतं आणि जंगल. अभयारण्यापासून किती किलोमीटर, हा कॉलमच त्या वर्गवारीत नाही. म्हणजे तुमच्या जंगलाला संरक्षण पाहिजे असेल तर आधी ते नीट बिघडवा, नापास करा, यादीत आणा, मग केस बघतील. चांगल्या हवेवर कोण खर्च करतं हो, तापच नाही तर डॉक्टरकडे कशाला जायचं. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही 131 शहरं आहेत, चंद्रपूर आहे, नागपूर आहे, जंगल नाही, कारण जंगलाला वॉर्ड नसतात आणि महापौरही नसतो.

कोणी म्हणेल अमेरिकेत बघा. बघितलं. त्यांनी 1977 सालीच कायद्यात घालून 156 राष्ट्रीय उद्यानं आणि रानं वेगळी काढली, की इथली हवा इतकी स्वच्छ पाहिजे की समोरचा डोंगर धुरकट न होता नीट दिसला पाहिजे. डोंगर दिसण्यासाठी कायदा! आणि ते नैसर्गिक दिसणं परत आणायचं टार्गेट कधीचं, तर 2064. मुदतीच्या बाबतीत तेही आपल्याच गोत्रातले निघाले, फक्त त्यांनी तारीख एकदाच आणि मोठी घेतली, आपण हप्त्याहप्त्याने घेतो.

तरीही कोणी दोष कोणाचा म्हणून हटून बसलाच तर मोहफुलं वेचणाऱ्या बाईचा. मार्च-एप्रिलमध्ये ती पहाटे टोपली घेऊन जाते, मोहाखालचा पाला कधीकधी जाळते म्हणजे फुलं दिसतात, आणि त्याची आग पसरते हेही खरं आहे, नाही म्हणत नाही. पण तिच्यात एक मोठी सोय आहे. ती सापडते. धुरांड्यामागे धावता येत नाही, बाईमागे येतं. तिचा पंचनामा होतो, फोटो निघतो, वनवणव्यावर पोस्टर स्पर्धा होते, पहिलं बक्षीस त्याच शाळेला जिच्या खिडक्या धुळीमुळे बंद ठेवतात.

आणि मग झाडं लावायची, हे विसरू नका. धुळीने झाड गुदमरत असेल तर त्याच्या शेजारी दुसरं लावा, दोघं मिळून गुदमरतील, सोबत होते. आपल्या राज्याने 2019 मध्ये 33 कोटी झाडं लावायचा संकल्प केला होता, सेल्फीत माणसं मोजली तर तेवढी भरतीलही. जास्तच बजेट असेल तर दिल्लीने 2021 मध्ये कनॉट प्लेसला वीस कोटींच्या वर खर्चून स्मॉग टॉवर उभा केला तसा एक ताडोबा तळ्याच्या काठावर उभा करा, वरच्या मजल्यावर व्ह्यूइंग गॅलरी, हवाही स्वच्छ आणि वाघही दिसेल, विकासात असं दुहेरी पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही चौघं मोहर्लीला निघालो होतो, भल्या पहाटे, पुढे कोळशाच्या ट्रकांची रांग, ताडपत्री एका बाजूने सुटलेली, फडफड करत. चहाला थांबलो तिथे रस्त्याकडेला सागाचं लहानसं झाड होतं, पानं एवढी मोठी, ताटाएवढी, आणि सगळी करडी-काळी, हिरवा रंग कुठेच नाही. मित्राने बोटाने पानावर स्वतःचं नाव लिहिलं. लख्ख उमटलं, अक्षराअक्षरातून हिरवं दिसायला लागलं, एकदम पाटीवर लिहिल्यासारखं. मग आम्ही तिघांनीही लिहिलं, फोटो काढला, मागून जाणाऱ्या ट्रकने आमचा चहाही जरा घट्ट करून दिला. पानाच्या खालच्या बाजूला ज्या बारीक छिद्रांतून तो साग हवा घेतो ती किती बुजली असतील वगैरे विचार आला होता, पण तोवर पोहे आले.

गेटवर गाईडला फोटोचं सांगितलं तर म्हणाला, “पाऊस पडला का सारं धुऊन जाते जी.”

म्हटलं पावसाळ्यात तर कोअर बंद असतं, धुतलेलं जंगल बघायचं कधी?

त्यावर तो काही बोलला नाही. आम्ही मेन मुद्द्यावर आलो, वाघ दिसेल ना आज, अडीच महिने आधी बुकिंग केलंय. त्याने रजिस्टरवर सही केली, गमछा नाका-तोंडावरून घट्ट बांधला आणि म्हणाला, “आत दिसला तं दिसला साहेब. नाही दिसला तं वापस जाताना तिकडे पाहा, पावर हाऊसकडे. तिकडे बी फिरते तो आजकाल.”