पाहुणा वाटेतच कसा अडवावा

बेळगावात घर असणाऱ्याने एक गोष्ट आधीच मान्य करून टाकावी: आपलं घर अख्ख्या महाराष्ट्राच्या वाटेत येतं. पुण्याहून गोव्याला निघालेला मेहुणा चोर्ला घाटाला लागण्याआधी "वाटेतच तर आहे, जरा टेकतो" म्हणतो आणि बॅगा वरच्या खोलीत नेतो. चंदगडचे काका दवाखान्याच्या कामाला येतात. (दवाखान्यासाठी येणाऱ्याला नाही म्हणू नये. इतकं पाप आपल्याच्यानं होणार नाही.) तेव्हा इथं मेहुण्यासारख्यांचाच बंदोबस्त पाहू.

पहिलं हत्यार अर्थात सीमाप्रश्न. १९५६ पासून चिघळलेला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. एवढं टिकाऊ निमित्त दुसऱ्या कुठल्या गावाच्या वाट्याला आलंय? आणि आपण ते नुसतं भाषणांत वाया घालवतो. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की फोन लावावा आणि आवाज खाली आणावा. "वातावरण जरा तंग आहे हो इकडं. हद्दीवर कोगनोळी नाक्याला गाड्या अडवूलाल्यात. तुमची एमएच पासिंगची गाडी, काच-बिच फुटली तर आम्हालाच वाईट वाटंल."

मेहुणा गप्प होतो. तुम्ही मनात पेढे वाटता. मग तो म्हणतो, "गाडी ठेवतो कोल्हापुरात. चंदगडवरून हद्दीवरच्या शिनोळीपर्यंत येतो, पुढं वडाप मिळेलच. अशा वेळी आपल्या माणसांच्या मागं उभं राहायचं नाही तर कधी?"

झालं. तो आता पाहुणा राहिला नाही, पाठिंबा झाला. पाहुण्याला एखाद वेळ आमटी-भातावर भागवता येतं. पाठिंब्याला मटण लागतं.

म्हणून राजकारण सोडून पाण्याकडे वळावं. "राकसकोप धरणाचं पाणी तळाला गेलंय, नळ कधी येईल सांगता येत नाही" हे एप्रिल-मेमध्ये पटतं. जुलैत मात्र सांगू नये. धरण भरल्याचे व्हिडिओ आपल्याच गावची मंडळी हौसेनं पुण्याला पाठवतात.

निपाणीच्या आत्यांचं खातं वेगळं. पूर्वी "एवढं तिकीट काढून कशाला येताय, आम्हीच येतो की" म्हटलं की काम भागायचं. ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आली, कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट झाला आणि आपलं हे वाक्य कायमचं बाद झालं. आत्या आता आल्या आल्या पिशवीतून शून्य रुपयांचं तिकीट काढून टीपॉयवर ठेवतात. वर सांगतात, "जाताना बी फुकटच हाय. घाई न्हाई काय."

बाहेरून कुलूप घालून मागच्या दारानं आत जाणं हा जुना मार्ग. सुरेख आहे, पण त्यासाठी शेजारी बदलावे लागतात. पाहुणा कुलपाकडं बघत उभा असतो तोवर समोरच्या अज्जी ओट्यावरून हात करतात. "अदार, अदार! बर्री!" पाहुण्याला कन्नड कळलं नाही असं वाटून लगेच मराठीत: "आहेत की वो. आत्ताच कुकर वाजला. मागनं जावा."

शेवटचा उपाय खर्चिक. बेळगावला येणाऱ्याच्या मनात तुमच्या भेटीच्या खाली कुठंतरी कुंदा असतोच. तो आधीच पोचवावा, म्हणजे यायचं कारणच उरत नाही. अर्धा किलो घ्यावा, पुण्याच्या रात्रीच्या गाडीत ओळखीचं कोणी गाठून द्यावा, आणि निवांत झोपावं. सकाळी मेहुण्याचा फोन येतो. कुंदा फर्स्टक्लास होता. पण डबा स्टीलचा आहे, तुमच्या बायकोचं नाव कोरलेलं आहे, तेव्हा शनिवारी आणूनच देतो.

कुंदा दुकानाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच पाठवावा.