रॅम्प मागण्याआधी घ्यावयाची काळजी

गोव्यातल्या आपल्या गावच्या उत्सवाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही देवळाच्या पायऱ्यांना व्हीलचेअरसाठी रॅम्प मागणार आहात, असं कानावर आलं. मागा, अवश्य मागा. फक्त वेळ बघा. जत्रेच्या तोंडावर मागितलात तर 'ऐन धांदलीत हे काय काढलंत?' असं होईल. जत्रा आटोपल्यावर मागितलात तर 'आता झाली की, पुढच्या वर्षी आठवण करा.' मधल्या काळात ग्रुप निजलेला असतो, जागे असतात फक्त सुप्रभातवाले आणि प्लॉट विकणारे. म्हणजे योग्य वेळ अशी नाहीच. तेव्हा कधीही मागा, पण 'वेळ चुकतेय याची मला कल्पना आहे' अशी सुरुवात करा. निम्मी मंडळी तेवढ्यावरच शांत होतील.

मजकूर लिहिताना सर्व महाजनांना, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार सभासदांना, आणि कार्यकारिणीला सादर प्रणाम करून, यंदाच्या रोषणाईची तारीफ करून, मगच मुद्द्याला हात घालावा. 'जमल्यास', 'सवडीने', 'कुणाला त्रास न होता' हे शब्द पेरावेत. कायद्याचं नाव चुकूनही काढू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे, त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं मोजलेली आहेत, आणि दिव्यांग माणसाचा चारचौघांत मुद्दाम अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे, हे सगळं खरं. पण तुम्ही हे लिहिलंत की पुढच्या मिनिटाला 'धमकी देता काय?' येणार, आणि रॅम्प राहील बाजूला. शिवाय ग्रुपवर एक वकीलकाका असतातच. आमच्या देवस्थानाला १९३३ चा महाजनी कायदा लागू आहे आणि त्यात रॅम्प हा शब्द नाही, हे ते तुम्हाला समजावून सांगतील. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी बंधनकारकच करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारला बजावलं. त्या निकालाची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. ती कुणी उघडणार नाही, पण तुम्ही 'कोर्टाची भाषा' करता हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहील.

आता उत्तरं येतील. पहिलं उत्तर कुणाच्या तरी आजीचं असतं. तिला शेवटची दहा वर्षं चालता येत नव्हतं, पण तिने कधी रॅम्प मागितला नाही. ती दहा वर्षं देवळातही आली नाही, हा तपशील तुम्ही पुरवू नये. आजीच्या आड येणाऱ्याला ग्रुप क्षमा करत नाही.

दुसरं उत्तर प्रेमाचं असतं, आणि ते पहिल्याहून जड जातं. 'रॅम्प कशाला, आमचे चार पोरगे उचलून नेतील ना!' या पोरग्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ते खरोखर धावत येतात. दोघे पुढून, दोघे मागून, आणि एक पाचवा 'सांभाळ, सांभाळ' म्हणायला. पुढचा डावीकडचा हात घालतो तो नेमका आर्मरेस्टला. तो निघावा म्हणूनच बनवलेला असतो, त्यामुळे खुर्ची दुसऱ्या पायरीवर असताना तो अलगद उपसून पोरग्याच्या हातात येतो. उजवीकडचा पाय ठेवायची पट्टी धरतो. तिचंही तेच. बॅटरीवाली खुर्ची असेल तर माणूस सोडून नुसतं लोखंडच पन्नास-साठ किलो. एवढ्यात मंडपातला व्हिडिओवाला दिवा तुमच्याकडे वळवतो. अशा वेळी चेहऱ्यावर कृतज्ञता असावी. घाबरलेला चेहरा व्हिडिओत वाईट दिसतो, आणि 'मी सामान नाही' हे वाक्य तर अर्ध्या पायरीवर लटकून बोलण्यासारखं नव्हेच.

नाटकाला यायचंच कशाला, हाही प्रश्न येईल, थेट नाही, वळसा घालून. 'आता सगळं यूट्यूबवर लाइव्ह असतं की.' गोव्यातलं उत्सवी नाटक म्हणजे मध्यरात्री उघडणारा पडदा, पहाटेची भैरवी आणि मधल्या वेळात भजी. यातलं लाइव्हवर काय येतं, असं विचारू नका. विचारलंत तर 'अंगात एवढी हौस आहे तर पायऱ्यांचं कसलं भय?' असं ऐकाल.

मग वास्तूचा मुद्दा. 'मूळ देवळाला हात लावायचा नाही.' हे अगदी रास्त. गेल्या पावसाआधी सभामंडपात चकचकीत ग्रॅनाइट बसवलं तेव्हा वास्तूला कुठे हात लागला? लागतो तो पाय, आणि तो घसरतो. अग्रशाळेला, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेला, ॲल्युमिनियमची खिडकी आली, तीही बहुधा मूळचीच असावी. आणि महारथाची आठवण तर ग्रुपवर काढूच नका. देव वर्षातून एकदा चाकांवर बसतो, त्या दिवशी वाटेतले खड्डे बुजतात, फांद्या छाटल्या जातात, वीजखात्याची माणसं येऊन वायरी सोडवतात. चाकांसाठी गाव काय काय करू शकतो, हे तुम्ही मोठ्याने बोललात तर धर्मावर घाव घातल्यासारखं होईल.

खर्चाबद्दल थोडं विस्ताराने, कारण इथे तुम्ही हमखास पाघळता. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर चढ. एकास बारा या उताराने साडेपाच मीटरच्या आत रॅम्प होतो, एवढं साधं गणित तुम्हाला येतं आणि ते मांडायचा मोह होतो. मांडू नका. 'एका माणसासाठी एवढा खर्च?' याला गणिताने उत्तर देता येत नाही. मंडपाच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. साऊंडवाला दरवर्षी स्पीकरचे उंच खोके टेम्पोतून उतरवतो. त्याच्यासाठी दोन जाड फळ्या आणि खाली आधाराला चिरे लावलेले असतात. खोके त्यावरून सरळ ढकलत वर जातात. कुणी ठराव मांडला नाही, कुणी वास्तूची आठवण करून दिली नाही, कुठल्या स्पीकरला जिद्दीने पायऱ्या चढायला सांगितलं नाही. हा फोटो काढून ठेवा. ग्रुपवर टाकू नका, नुसता ठेवा.

एखादा सदस्य दोन्ही पाय नसलेल्या माणसाचा डोंगर चढतानाचा व्हिडिओ टाकेल, खाली 'इच्छा असेल तर'. त्यावर अंगठा द्यायचा. पर्पल फेस्ट या दिव्यांगांच्या महोत्सवाचीही आठवण कुणीतरी करून देईलच: जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला झाला, देशभरातून माणसं आली, एवढं सगळं गोव्यात होतं, आणखी काय पाहिजे? तीन-चार दिवस पणजीत माणसासारखं फिरता आलं तर बाकीचं वर्ष घरी बसायला हरकत नसावी, असा त्यातला हिशेब आहे. तुमचं अपंगत्व बाहेरून दिसत नसेल तर या लेखाचा तुम्हाला उपयोग नाही. 'परवा तर मडगावच्या बाजारात चालताना दिसलात' एवढ्यावर तुमचा विषय संपतो.

ग्रुपवरच्या एखाद्याला दिसत नसेल तर त्याची गोष्ट आणखी सोपी. उत्सवाची पत्रिका म्हणजे वळणदार अक्षरांचं रंगीत चित्र. फोनमधल्या स्क्रीन रीडरला त्यातली मराठी पुष्कळदा लागत नाही, तो 'फोटो' म्हणतो आणि गप्प होतो. खालचा सुप्रभात मात्र इमानेइतबारे वाचतो: सूर्य, गुलाब, जोडलेले हात, पुन्हा गुलाब. बिचारा विचारतो, 'नाटक किती वाजता?' लगेच उत्तर येतं, 'वर टाकलंय ना, बघत जा जरा.' दोन ओळी टाइप करून टाका, अशी विनंती त्याने केली तर सचिवबाब दुखावतात; पत्रिका त्यांनी स्वतः रात्र जागून केलेली असते.

वाद मराठीत सुरू होतो आणि तापला की कोंकणीत उतरतो, हे आपल्याकडचं थर्मामीटर लक्षात ठेवा. 'आपली भूमिका समजू शकतो, तथापि' इथपर्यंत धोका नाही. 'कितें मरे हें सदांच तुजें!' आलं की फोन उलटा ठेवून द्या. यानंतर तुमचं म्हणणं हा विषय राहत नाही, तुमचा सूर हा विषय होतो. सूर कडवट आहे, सूर उद्धट आहे, हेच प्रेमाने मागितलं असतं तर कधीच झालं असतं. तुम्ही गेल्या वर्षी प्रेमाने मागितलं होतं, त्याला आलेले दोन जोडलेले हात अजून तिथेच वर आहेत. ते शोधून दाखवू नका. जुनं उकरून काढणारा माणूस म्हणून नाव होईल.

'मनाला लावून घेऊ नका,' असंही कुणी सांगेल. हे सांगणारे काका पत्रिकेत आपलं नाव तिसऱ्या ओळीत छापलं म्हणून चतुर्थीपर्यंत ग्रुप सोडून गेले होते. त्यांचा सल्ला अनुभवाचा आहे.

शेवटी ॲडमिन ग्रुपला कुलूप लावतो आणि 'कृपया इथे फक्त उत्सवाविषयीच लिहावे' अशी सूचना टाकतो. इथे हार मानू नका, कारण याच टप्प्यावर बऱ्याचदा रॅम्प होतो. कसा होतो? साऊंडवाल्याच्याच त्या दोन फळ्या खोके चढवून झाल्यावर पुढच्या दाराला आणतात. सहा फुटांची फळी, तीन पायऱ्या, उतार जवळजवळ एकास चार. वर चढायला दोघे ढकलायला लागतात, उतरताना देव आठवतो. फळीच्या पायथ्याशी कुणीतरी ॲक्टिव्हा लावून ठेवतो. तरीही आभार माना, कारण त्याच रात्री तुमचा सत्कार असणार. नाटकाच्या आधी नाव पुकारतील. रंगमंचाला पायऱ्याच आहेत, तेव्हा ते चार पोरगे पुन्हा येतील. या वेळी त्यांना आर्मरेस्ट आधीच काढून हातात द्यावा, म्हणजे पुढचा घोळ टळतो. शाल घ्या, श्रीफळ घ्या. निवेदक तुमच्या जिद्दीबद्दल बोलत असताना खाली बघा. मग माईक तुमच्यासमोर येईल. अध्यक्ष, सचिव, साऊंडवाला, चारही पोरगे, सगळ्यांचे नाव घेऊन आभार मानावेत. शौचालयाचा विषय तेवढा तिथे काढू नका. दाराची रुंदी आधी मोजून ठेवा, तो ग्रुपचं कुलूप उघडलं की काढायचा.