चालता कॉम्प्युटर भंगारात कशाला?

विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून जुनी मशीन काढून टाका, असं जुन्या कॉम्प्युटरवरच्या एका लेखात वाचलं. पहिलं खरं, दुसरं घाईचं. घरगुती वापरासाठी नोंदणी केली की हे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, हे लेखकानं गाळलंच!

आणि नवीन मशीन घेतली की सगळं सुरळीत, हेही खरं नाही. इथे इंदूरला, रामबागेत, आमचे काका अजून विंडोजच्या आधीच्या, डॉस नावाच्या सिस्टिमच्या काळातल्या प्रोग्रामवर जमाखर्च लिहितात. त्यांच्या नव्या लॅपटॉपवर तो उघडेचना. दुकानदार म्हणाला, व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. कसला व्हायरस? नव्या लॅपटॉपवरच्या ६४-बिट विंडोजमध्ये काकांच्यासारखे जुने १६-बिट प्रोग्राम चालवायची सोयच नाही. दहा वेळा फॉरमॅट मारा, फरक शून्य.

उपाय फुकट आहे. डॉसबॉक्स, म्हणजे जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचं, प्रोग्रामचा अख्खा फोल्डर सी ड्राइव्हवर कॉपी करायचा, मग डॉसबॉक्सच्या काळ्या खिडकीत माउंट कमांड देऊन तो फोल्डर जोडायचा. काकांची खातेवही उघडली, तीच निळी पाटी, तेच पिवळे आकडे. प्रिंट मात्र साध्या डॉसबॉक्समधून निघत नाही, त्यासाठी त्याचाच वाढीव अवतार, डॉसबॉक्स-एक्स, घ्या.

जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकली, तर तिथेही डॉसबॉक्स चालतं. फक्त आधी डेटाची कॉपी पेन ड्राइव्हवर काढा हो, इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते.